पहिल्या पानावरचा खुनी

जरा डोळे मिटा पाहू. एक डोंगर आहे, डोंगरावर एकटाच बंगला. रात्रभर बर्फ पडला आहे. वाट बुजली, फोनच्या तारा तुटल्या. आत नऊ माणसं. सकाळी पाहावं तर आठच जिवंत. आणि बाहेर बर्फावर पावलाचा एकही ठसा नाही. म्हणजे बाहेरून कोणी आलं नाही. म्हणजे हा जो समोर शांतपणे चहा ओततो आहे... तोच तर नसेल?

आला ना काटा? आता डोळे उघडा. आपण अकोल्यात आहोत. साल दोन हजार सहा, मे महिना, दुपारचे दोन. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बर्फानं काय कोंडावं, असं उन्हानं माणसाला घरात कोंडलं आहे.

अशा दुपारी वस्तीतलं एका खोलीचं वाचनालय पायल सांभाळायची. डी.एड. झालेली, नोकरीची वाट पाहणारी. सोबत नऊ वर्षांची भाची, मनकर्णा. मोर्शीकडची संत्र्याची झाडं पाण्यावाचून वाळली, तेव्हा मनूचे आईबाप कामासाठी पुण्याला गेले. "चार दिवसांत येतो," म्हणाले होते. त्याला वर्ष झालं होतं.

वाचनालयात सगळ्यात जास्त मागणी बर्फात अडकलेल्या खुनांच्या गोष्टींना होती. आणि त्याच गोष्टींच्या पहिल्या पानावर कोणीतरी पेनानं खुन्याचं नाव लिहून ठेवू लागलं. दोन पुस्तकं बिघडली. सभासद चिडले. समितीचे अध्यक्ष चंद्रभान गुरुजी म्हणाले, "पायल, एक तारखेपर्यंत हा माणूस सापडला नाही तर ही सगळी पुस्तकं रद्दीत."

"शोधून काढते गुरुजी," पायल म्हणाली. ती म्हणाली म्हणजे झालंच.

पुस्तकामागचं कार्ड तिनं पाहिलं. दोन्ही बिघडलेली पुस्तकं नेणारा माणूस एकच होता, धर्मपाल. बर्फाच्या कारखान्यात कामाला. सकाळीच त्यानं तिसरं पुस्तक परत केलं होतं. ते तसंच पिशवीत टाकून, तोंडाला दुपट्टा बांधून, पायल भर उन्हात सायकलवर निघाली.

कारखान्याचं जाड दार उघडलं आणि धर्मपाल बाहेर आला. खांद्यांवरून पांढरी वाफ निघत होती. पायलच्या भिजलेल्या कपाळाला गार झुळूक लागली... आणि ठरवून आणलेलं रागाचं पहिलं वाक्य ती विसरली.

"इतक्या उन्हात कावून आल्या जी? भोवळ येईन ना."

"खुनी पकडायले."

"मंग आत या. थंडीत पकडा."

"हसू नका. पहिल्या पानावर नाव कोणं लिहिलं?"

धर्मपालनं हात पुसले. "एक नाव मी नाही लिहिलं. बाकीची सात लिहिली."

"म्हणजे?"

"पुस्तक उघडा तर."

पायलनं उघडलं. पहिल्या पानावर एकाखाली एक आठ नावं होती, प्रत्येकापुढे 'हाच खुनी'. शाई एकच, निळी, अक्षरही मुद्दाम एकसारखं.

"खोडलं असतं तं पान फाटलं असतं," तो हळूच म्हणाला. "मंग सगळ्यायलेच खुनी करून टाकलं. आता सांगा, खरा कोणता?"

"नाही सांगता येत."

"तेच पायजे होतं. परवा तुमीच म्हणाल्या ना, याच्या नंतर हे पुस्तक मीच वाचणार म्हून."

पायल पानाकडे पाहत राहिली. एवढी सात नावं... तिच्यासाठी?

"पण पहिलं नाव लिहिते कोण? तुमाले माहीत आहे."

"माहीत आहे. पण शब्द देल्ला आहे मी." त्यानं बर्फाच्या लादीवर भुसा सारला. "तुमीच शोधा. बाहेर ठसा नाही, मंग खुनी कुठं असते?"

"घरात," पायल म्हणाली, आणि तिनं सायकल वळवली.

घरी येऊन तिनं मनूला जवळ बसवलं. रागावली नाही.

"कावून वो, मनू?"

मनूनं फ्रॉकची कड मुडपली. "शेवट आधी माहीत असला की भेव नाही लागत, मावशी. मी शेवटचंच पान वाचते. दुसऱ्यायलेही भेव लागू नये म्हून लिहिलं. धर्मपालकाकायनं पाह्यलं, पण कोणाले सांगणार नाही म्हणाले."

पायलनं तिला घट्ट धरलं. मग दोघी गुरुजींकडे गेल्या. "खुनी माझ्याच घरचा निघाला, गुरुजी," ती म्हणाली. "काढायचं तं मले काढा. पण पुस्तकं राहू द्या." गुरुजींनी आठ नावांचं पान पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं. "हे मी नेतो," ते म्हणाले. "मले खरा कोणता ते पाहू दे."

महिन्याच्या शेवटी धर्मपाल एक नवंकोरं पुस्तक घेऊन आला. कव्हरवर बर्फच बर्फ. ते त्यानं टेबलावर ठेवलं, पण हात काढला नाही.

"वाचनालयाले भेट?" पायलनं विचारलं.

"हो. अन् एक विचारायचं होतं. तुमी, मनू अन् मी... एका घरात राहिलो तं?"

कूलर घरघरत होता. पायलचे कान लाल झाले.

"मनूले सोडून नाही म्हणत आहा ना?"

"नाव आधी तिचंच घेतलं असतं. तुमी रागावल्या असत्या."

"मंग... पाहू."

"पाहू म्हणजे? शेवट काय या गोष्टीचा?"

"शेवट आधी सांगायचा नसते," पायल म्हणाली, आणि हसू लपवायला कार्डं लावू लागली.

शेजारी बसलेल्या मनूला ते सहन होईना. तिनं पेन उचललं, पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि लिहिलं, 'शेवटी मावशी हो म्हणते.' मग पेन धर्मपालपुढे धरलं.

"बाकीचं काही लिहायचं असन तं लिहा, काका."

धर्मपालनं पायलकडे पाहिलं. पायलनं मनूच्या हातातून पेन घेतलं आणि त्याला टोपण लावून टाकलं.

मनूनं सवयीनं शेवटच्या पानाला हात घातला. जरा थांबली. आणि पुस्तक मांडीवर नीट घेऊन पहिल्या प्रकरणापासून वाचायला बसली.