स्टिअरिंगमागची कडी

ही घटना खरी आहे. रंगवून सांगायची मला हौस नाही, आणि कुणाला पटवून द्यायची तर त्याहून नाही. अंबरीश माझा सख्खा मावसभाऊ. त्याच्या तोंडून जे ऐकलं आणि शेवटी जे स्वतः पाहिलं, तेवढंच सांगतो.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. लातूर, रेणापूर नाक्याच्या पुढची त्यांची कॉलनी.

रात्र-बित्र नाही बरं का... लख्ख ऊन होतं.

अंबरीश कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बुटका, पोट सुटलेलं, स्वभावानं भलता चिवट. जुन्या गाड्यांचं त्याला वेड. श्रावणात त्यानं नांदेडकडच्या सुदर्शन नावाच्या शेतकऱ्याकडून एक विलायती स्पोर्ट्स कार आणली. लाल रंग, दोनच सीटा, वर टप नाही. सुदर्शननं किल्ली हातात ठेवली आणि साधं चहालाही विचारलं नाही. अंबरीशला वाटलं, माणूस तुसडा आहे.

त्याची एकुलती एक लेक मनस्विनी तर गाडीवर फिदाच झाली. नुकतंच लायसन मिळालेलं.

"पप्पा, दसऱ्याला सीमोल्लंघनाला गाडी मीच काढणार हं!"

"काढ की. पण आधी तिचं स्टिअरिंग मला कळू दे."

स्टिअरिंगमधली एक गोष्ट त्याला खरंच उमगत नव्हती...

स्टिअरिंगच्या चाकामागं, दांड्याभोवती, एक जाड लोखंडी कडी होती. कडेनं बारीक खाचा. ना तिला वायर, ना बटण. असली कडी त्यानं दुसऱ्या कुठल्या गाडीत पाहिली नव्हती.

आणि रोज सकाळी स्टिअरिंगचं चाक आत गेलेलं असायचं. पार डॅशबोर्डाला टेकलेलं.

तो ओढून बाहेर काढायचा.

सकाळी परत... आत.

खंडेनवमीला त्यानं धोंडप्पा मिस्त्रीला बोलावलं. धोंडप्पा आला तो रिकाम्या हातानं. पाने, हातोडे, सगळं पूजेत मांडलेलं. त्यानं नुसत्या बोटांनी कडी चाचपली.

"सर, ही डावीकडं फिरवली की ढिली व्हतीय. मग चाक मागं-पुढं सरकतंय, बघा. उजवीकडं फिरवली की घट्ट. ज्याला जसं पायजे तसं चाक जवळ-लांब घ्यायला केलंय हे."

"मग ते आपोआप आत कसं जातं?"

"आपोआप कशानं जाईल? कुणीतरी ढिलं करून, ढकलून, परत आवळून राहिलंय." मग तो हसला. "न्हाई तर तुमच्या पोटाला जागा करून देत असंल गाडी."

अंबरीशला हसू आलं नाही. "एक बोल्ट मारून पक्कं करून टाक बाबा."

"आज न्हाई जमायचं. हत्यारं पूजेत बसलीत. उद्या सीमोल्लंघन झालं की येतो."

त्याचंही बरोबर होतं. खंडेनवमीला हत्यार उचलणारा मिस्त्री आमच्याकडं शोधून सापडायचा नाही.

दुपारी अंबरीशनं गाडीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार. आणि पूजेतला लाल नाडा त्यानं कडीपासून दांड्यापर्यंत करकचून बांधला. कडी तसूभर हलली तरी नाडा तुटला पाहिजे, असा. गॅरेजला कुलूप घातलं.

दसऱ्याची सकाळ.

कुलूप जसंच्या तसं.

नाडा तुटलेला नव्हता... गाठही त्याचीच होती.

चाक आत.

अंबरीशनं गाठ दोनदा तपासून पाहिली. पण भीती वाटली हे कबूल करेल तो अंबरीश कसला! सगळा राग त्यानं लेकीवर काढला.

"गॅरेजची दुसरी किल्ली तुझ्याकडंच असते ना? नाडा सोडून परत बांधलास. कशाला माझी चेष्टा करतेस?"

"देवाशपथ पप्पा, मी हात पण लावला नाही!"

"खोटं बोलू नकोस."

मनस्विनीचे डोळे भरून आले. सणासुदीचं ताट तसंच टाकून ती उठून गेली.

जेवण झालं, अंबरीशचा जरा डोळा लागला. जाग आली ती इंजिनाच्या आवाजानं.

तो धावत फाटकाशी गेला. गॅरेज उघडं. गाडी नाही.

"जाऊ दे की," त्याची बायको मुग्धा म्हणाली. "तू उगीच रडवलंस तिला. वेशीबाहेर जाईल, आपट्याची पानं घेऊन येईल."

पण त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. त्यानं सुदर्शनला फोन लावला.

"हाव, कोण?"

अंबरीशनं नाव सांगितलं. पलीकडं सण असलेलं घर वाटत नव्हतं. ना भांड्यांचा आवाज, ना माणसांचा. काहीच नाही...

"चाक आत जायलंय का?" सुदर्शननं आपणहून विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरात पोरगी हाय का, सर?"

"आहे. तीच घेऊन गेलीय आत्ता."

"एकटी?"

"एकटीच."

"उतरवा तिला. आदी उतरवा! आमच्या पोरीला, साक्षीला, मी येळंवर उतरवलं न्हाई... पोरखेळ वाटला मला."

"साक्षी कुठं असते आता?"

फोन कट झाला.

अंबरीशनं स्कूटर काढली. रेणापूर रोडला लागला. वेस मागं पडली, ढाबे मागं पडले. तोंडानं नुसतं मनू, मनू चाललेलं.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. इंजिन चालू. आसपास चिटपाखरू नाही.

मनस्विनी स्टिअरिंगवर होती. सीटच्या अगदी टोकाला, ताठ. चाक आत गेलेलं असूनही तिची छाती चाकाला टेकलेली. दोन्ही हात चाकावर आवळलेले.

"मनू!"

तिनं मान वळवली नाही.

"पप्पा... हळू बोला."

अंबरीशनं तिच्या काखेत हात घालून तिला ओढून खाली घेतलं. एवढ्या उन्हात पोरीचं अंग गार पडलेलं. तिला छातीशी धरून त्यानं गाडीत पाहिलं.

सीटची पाठ दबलेली होती. कुणीतरी भार टाकून टेकलेलं असावं, तशी.

आणि बघता बघता... ती सावकाश वर आली.

कुणीतरी उठल्यासारखी.

लेकीला स्कूटरवर पुढ्यात बसवून त्यानं घर गाठलं. गाडी नंतर धोंडप्पानं दोर लावून ओढून आणली, आपल्या गोदामात टाकली. बोल्ट मारायची गरजच पडली नाही. त्या दिवसानंतर चाक एकदाही आत गेलं नाही. अंबरीशनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, चला, सुटलात एकदाचे.

दिवाळीत मी लातूरला गेलो. मनस्विनी हसत होती, बोलत होती, माझ्या टकलावरून मला चिडवत होती. मला बरं वाटलं. मग आम्ही सगळे जेवायला बसलो.

ती खुर्चीच्या टोकावर बसली. पोट टेबलाला टेकलेलं.

"अगं, नीट मागं टेकून बस की," मी म्हणालो.

मुग्धा वाढता वाढता थांबली. अंबरीशनं ताटातून मान वर केलीच नाही.

मनस्विनी माझ्याकडं बघून गोड हसली.

"मागं जागा कुठंय, काका?"

अंबरीशचे फोन येतात, मी उचलतो. लातूरला मात्र परत गेलेलो नाही.