अकरावा आकडा

संध्याकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी मास्तरांनी टेम्पोचे दिवे विझवायला लावले, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. मुंगीच्या आईला ही वेळ पक्की आठवते, कारण उजेड जाता जाता तिने घड्याळ बघून घेतलं होतं. सारखं घड्याळ बघायची तिला खोडच होती.

शाळेतली अकरा पोरं, दुर्बीण घेऊन विज्ञानाचे मास्तर, टेम्पोवाला आणि सोबतीला दोन आया, मुंगीची आई आणि इस्त्रीवाली वहिनी. एवढी मंडळी वस्तीपासून लांब, उघड्या माळावर तारे बघायला आली होती. खरं तर मुंगीला पाठवायचंच नव्हतं. महिनाभर पोरगी मागे लागली होती आणि महिनाभर आई नाही म्हणत होती. थंडी आहे, खड्डे आहेत, जनावर असलं तर? शेवटी ट्रकवर गेलेल्या बाबांनी फोनवरून सांगितलं, "अगं जाऊ दे तिला. तुझ्या पदराला किती दिवस बांधून ठेवशील?"

"मग मीपण जाणार," आई म्हणाली. शिवायला आणलेली काजं-बटणं तशीच ठेवून ती निघाली.

मुंगी सहा वर्षांची. अंगाने बारीक आणि सदा साखरेच्या डब्याभोवती, म्हणून मुंगी. आवाज मात्र जन्मापासून घोगरा. रडायला लागली की शेजारीण विचारायची, घरात कोण म्हातारबुवा आलेत?

मास्तरांची शिस्त कडक होती. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो, आणि एक काडी पेटवली तरी सगळं वाया जातं. म्हणून बॅटरी लावायची नाही. पोरांची मोजणी आवाजावर. प्रत्येकाला आकडा दिलेला, दर थोड्या वेळाने मास्तर "मोजा!" म्हणायचे आणि पोरांनी ओळीने आपला आकडा सांगायचा. मुंगीचा आकडा अकरा, सगळ्यात शेवटचा. सकाळपासून ती घरभर "अकरा, अकरा" करत फिरली होती.

सतरंजीवर उताणं पडून मुंगी आणि आई वर बघत होत्या. असं आभाळ आईनेही कधी पाहिलं नव्हतं. वस्तीत दिव्यांमुळे दहा-वीस तारे दिसायचे. इथे बोट ठेवायला जागा नव्हती. बघता बघता आईला पाठीखालची जमीन सुटल्यासारखी वाटली, आणि तिने पटकन मुंगीचा हात धरला.

"आई, ह्याला शेवट कुठेय?"

"असेल कुठेतरी."

"आणि शेवटाच्या पलीकडे?"

"गप बस. मास्तर मोजतायत."

एक, दोन, तीन… आकडे अंधारातून सरकत आले. दहा झाले आणि शांतता पडली. मुंगीचं तोंड उघडंच, डोळे वर. मास्तर दोनदा "अकरा?" म्हणाले. आपल्या पोरीमुळे खोळंबा नको, म्हणून आईने नाकातून बारीक आवाज काढला, "अकरा!"

सगळे हसले. दुसऱ्या सतरंजीवरून इस्त्रीवाली वहिनी म्हणाली, "अगं, पोरगी तुझी पिंपासारखी घुमते, आणि तू पिपाणी काय वाजवतेस!"

मुंगीने हात सोडवून घेतला. "माझा आकडा तू का सांगितलास?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

"मी बोलणारच होते. आधी तिकडे बघत होते."

"बरं बाई, पुढच्या वेळी तू सांग."

पण पुढच्या वेळीही दहा झाल्यावर मुंगीने नुसता श्वास घेतला, आणि तेवढ्या वेळात आईच्या तोंडून तो पिपाणीचा आवाज निघून गेला. घाईच नडली. मुंगी पाठ फिरवून पडून राहिली. आई तिला जवळ घेणार होती, पण मास्तर बोलायला लागले आणि ते राहून गेलं.

मास्तर सांगत होते, हा उजेड तिकडून निघाला तेव्हा तुमचे पणजोबाही जन्मले नव्हते. आपल्याला दिसतं ते आत्ताचं नसतं. तो तारा तिथे असेलच असं नाही. फक्त त्याचा उजेड इथे येत राहतो.

गार वारा सुटला. आई मुंगीचा स्वेटर आणायला टेम्पोकडे गेली. पिशवीत चाचपडत असताना मागे पुन्हा मोजणी झाली. नऊ… दहा… आणि लगेच, नाकातून, बारीक आवाजात, "अकरा!"

आईला हसू आलं. वहिनी आपली नक्कल करतेय. म्हणून तिने घाई केली नाही. सावकाश स्वेटर शोधला, बाही उलटी होती ती सरळ केली.

परत आली तर सतरंजी रिकामी.

"वहिनी, मुंगी तुमच्याकडे आहे?"

"माझ्याकडे कुठली? तुझ्याबरोबर नाही का?"

"मग आत्ता अकरा कोण म्हणालं? तुम्हीच ना?"

वहिनी हळूच म्हणाली, "मी नाही गं… मला वाटलं, तू टेम्पोपासून ओरडलीस…"

मास्तरांनी पहिल्यांदाच बॅटरी लावली. हाका सुरू झाल्या. माळावर ना झाड ना आडोसा, तरी उजेड जिकडे टाकावा तिकडे नुसतं वाळकं गवत. गवताला ओलसर, थंड लोखंडासारखा वास येत होता. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम टेम्पोवाला ओरडला, "ही बघा, ही उभी आहे!"

ती दुर्बिणीपाशी उभी होती. तिथे सगळ्यांनी आधीच शोधून झालं होतं. मान खाली, हात जुळवलेले, अगदी शहाण्यासारखी. आईने धावत जाऊन तिला पोटाशी धरलं.

"आई," ती म्हणाली. बारीक, नाकातला आवाज.

"घसा मोकळा झाला वाटतं थंडीने!" वहिनी हसायचा प्रयत्न करत म्हणाली.

मास्तरांनी निघायची घाई केली. टेम्पोपाशी शेवटची मोजणी झाली. दहानंतर आईचा हात धरून उभ्या असलेल्या पोरीने ताबडतोब सांगितलं, "अकरा." मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. पोरं धडाधड वर चढू लागली.

तेव्हा लांबून, खूप उंचावरून आल्यासारखं, घोगऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "बारा…"

जणू तिथे आपला आकडा राहिला नव्हता, म्हणून पुढचा घेतला.

आईने ऐकलं. "थांबा" एवढंच म्हणायचं होतं. पण काय सांगणार? पोरगी तर हातात होती, सगळ्यांनी पाहिली होती. आधीच सगळे तिला घाबरट म्हणत. "आई, चल ना, थंडी वाजतेय," बारीक आवाज म्हणाला, आणि आई वर चढली.

ती चढली. हे ती कुणाला सांगू शकलेली नाही.

घरी आता सगळं नीट आहे. पोरगी पहिल्या हाकेला ओ देते, ताट स्वच्छ करते, वेळेवर झोपते. साखरेच्या डब्याकडे बघतही नाही. बाबा म्हणतात, "बघ, सुधारली ना?" डॉक्टर म्हणाले, मूल ठणठणीत आहे. आईने ज्या ज्या गोष्टींसाठी कटकट केली होती त्या सगळ्या ती करते. फक्त अंगणात नेलं तर मान वर करत नाही.

अमावास्येला आई एकटी त्या माळावर जाते. सतरंजीवर बसून एकपासून दहापर्यंत मोजते आणि मग तोंडावर हात घट्ट दाबून थांबते. तिकडून काही येत नाही. मग तिचा हात सुटतो, आणि घसा बसेपर्यंत ती पुन्हा मोजत राहते. मागच्या खेपेला परत येताना बॅटरीच्या उजेडात तिला आपल्या पावलांशेजारी गवतावर बसलेल्या लहान अंगाचा ठसा दिसला. गवत तिथे अजून उठत होतं.

तुम्ही पोरांना घेऊन तारे बघायला गेलात, तर ज्याचा आकडा त्यालाच सांगू द्या, वेळ लागला तरी. आणि मोजणी संपल्यावर लगेच गाडी सुरू करू नका, जरा थांबा. लांबून कुणी घोगऱ्या आवाजात बोललं, तर ओ द्या, तिला जागेवरून हलू नको म्हणावं. तुमचं जाणं होणार नसेल, तर जे जाणार असतील त्यांना एवढा निरोप जरूर द्या.