दहावा तास

उमळगावच्या मूर्तिशाळेच्या भिंतीवर पुराच्या दोन रेघा होत्या, आणि त्या दोघींचं एकमेकींशी अजिबात जमत नव्हतं.

खालची रेघ दोन हजार पंचेचाळीस सालची. त्या वर्षी पावसाने आठ दिवस नुसतं झोडपून काढलं होतं, पण पाणी वरच्या पायरीला टेकलं आणि मागे फिरलं. वरची रेघ एकोणपन्नास सालची. त्या वर्षी पाऊस बेताचाच, आणि पाणी मात्र खिडकीच्या वर. अकरा वर्षांची कृतिका कुंभार त्या रेघेखाली टाचा उंचावून उभी राहिली, तरी तिचं डोकं रेघेला लागत नसे. जास्त पावसाला कमी पूर आणि कमी पावसाला जास्त पूर. कुणीतरी रेघांची सालं उलटसुलट लिहिली असावीत, असं तिला कित्येकदा वाटायचं.

पण वरच्या रेघेचा पूर तिने स्वतः पाहिला होता. तेव्हा ती सात वर्षांची होती. मूर्तिशाळेत शाडूचे नऊशे गणपती वाळत होते. शाडूची मूर्ती भट्टीत भाजत नाहीत, नुसती सावलीत वाळवतात. तिला पाणी लागलं की बघता बघता चिखल होतो. पाणी ओसरल्यावर आई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. नंतर ती मूर्तींचे डोळे आखायचे कुंचले धूत बसली. आखायला एकही डोळा उरला नव्हता, तरी ती कुंचले धूत होती.

आता त्रेपन्न साल. गणेशचतुर्थी पंधरा दिवसांवर आलेली, आणि मूर्तिशाळेत अकराशे चाळीस गणपती अजून ओलेच. तुम्ही म्हणाल, मग उचलून माळावर न्या की. न्या बघू. ओला गणपती उचलायला जावं, तर आधी सोंड हातात येते.

आणि बुधवारी सकाळी पाणकोंबडी बोलली.

ही पाणकोंबडी म्हणजे पक्षी नव्हे हं. उमळगावाशी दोन नद्या एकत्र येतात. धवळी आपल्या बाजूच्या घाटातून येते, तिचं पाणी राखाडी. केंपी कर्नाटकातून येते, तिचं पाणी तांबडं. कानडीत केंपु म्हणजे तांबडाच रंग. दोघी मिळतात तिथे टोपलीएवढं एक यंत्र तरंगत असायचं. ते पाण्याची उंची, वेग आणि रंग मोजायचं आणि तेच आकडे त्याच क्षणी दोन्ही राज्यांत दाखवायचं. पूर्वी पूर आला की अलीकडचे म्हणत, पलीकडच्यांनी पाणी सोडलं. पलीकडचे म्हणत, अलीकडच्यांनी. दोघांचे आकडेच वेगळे, त्यामुळे भांडणाला तोटा नव्हता. शेवटी दोघांनी मिळून हे यंत्र सोडलं. पाणकोंबडी हे नाव गावातल्या पोरांनी ठेवलं. बोलायला मात्र ती एखाद्या कडक मास्तरणीसारखी होती.

"शुक्रवार, सकाळी सहा," मूर्तिशाळेतल्या पडद्यावरून पाणकोंबडी म्हणाली. "दोन्ही नद्यांची पूरशिखरं संगमावर. पाणी वरच्या रेघेपर्यंत." पूरशिखर (पुराचं पाणी सर्वांत उंच चढतं ती वेळ) हा शब्द कृतिकाला ठाऊक होता.

"पण पाऊस तर एकोणपन्नास सालापेक्षाही कमी आहे," ती म्हणाली.

"बरोबर. कमी आहे."

"मग पाणी इतकं कसं?"

"शिखरं एकाच वेळी," पाणकोंबडी म्हणाली आणि गप्प झाली. तिच्या मते उत्तर देऊन झालं होतं.

आईचा हात मूर्तीवर थबकला. तिचं लक्ष वरच्या रेघेकडे गेलेलं कृतिकाने पाहिलं. कोपऱ्यात माती मळत बसलेले तात्या, म्हणजे कृतिकाचे आजोबा, हात झटकत उठले.

"चल पोरी. हिच्या बोलण्याचा अर्थ तुला दाखवतो."

तात्यांचा जन्म कुंभाराघरचा, पण त्यांनी चौतीस वर्षं पाटकरी (कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला पाळीपाळीने सोडणारा माणूस) म्हणून नोकरी केली होती. त्यांनी परसात पत्र्याची जुनी पन्हळ विटांवर तिरकी टेकवली. एक तांब्या कृतिकाच्या हातात दिला, एक स्वतः घेतला.

"हं, दोघं मिळून एकदम ओतू."

दोन्ही धारा पन्हळीत पडल्या आणि पाणी काठांवरून उसळून कृतिकाच्या पायांवर आलं.

"आता तांब्या नको, कळशी घे. धार मघाएवढीच ठेवायची. आधी तू ओत, तुझी संपली की मी."

कृतिकाने आख्खी कळशी रिकामी केली. मग तात्यांनी त्यांची केली. पन्हळीच्या काठावरून एक थेंब सांडला नाही. कृतिकाने मनाशी मोजलं. मघाशी दोन लिटर पाणी होतं, ते सांडलं. आता वीस लिटर गेलं, आणि पन्हळीने हूं की चूं केलं नाही.

"म्हणजे पाणी एकूण किती आहे यावर पूर ठरतच नाही?"

"त्यावरही ठरतो की. पण एका वेळी किती, यावर जास्त ठरतो. कळशीत मागे किती उरलंय, ते पन्हळीला कुठलं कळायला. आत्ता या घटकेला अंगावरून किती चाललंय, तेवढंच तिला कळतं."

शाळेच्या पुस्तकात विसर्ग (दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी) असा शब्द होता. कृतिकाने तो चाचणीपुरता पाठ केला होता, तो आता कुठे तिला समजला. "आमच्या शाळेच्या जिन्यासारखं," ती म्हणाली. "पाचवी आणि सहावी एकदम सुटली की चेंगराचेंगरी. म्हणून बाईंनी दोन घंटा वेगवेगळ्या केल्या."

"अगदी तसंच. पंचेचाळीस साली केंपीचा पूर आधी येऊन गेला, धवळीचा दुसऱ्या दिवशी आला. आपलं नशीब, बाकी काही नाही. एकोणपन्नास साली दोघींची गाठ पडली."

"मग तात्या, एका नदीला थांबवा ना. तुम्ही पाटाला पाळी लावायचा, तशी नद्यांना लावा."

तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग कपाळाला हात लावून हसले. "चौतीस वर्षं पाळ्या लावल्या गं मी. पण पाणी कमी पडलं की पाळी लावायची, एवढंच आम्हाला ठाऊक. पाणी जास्त झालं तरी पाळी लावता येते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही."

पण थांबायचं कुणी? धवळीचं धरण काठोकाठ भरलेलं, त्याला थांबणं शक्य नव्हतं. केंपीच्या धरणात अजून थोडी जागा होती. ते धरण कर्नाटकातल्या नेल्लीकेरी गावाजवळ. तिथल्या अभियंता हिरेमठ मॅडम पडद्यावर आल्या, तेव्हा त्यांच्यासमोर हेच गणित मांडलेलं होतं.

"गुरुवारी रात्री अकराला मला दरवाजे उघडावे लागतील," त्या म्हणाल्या. "ते पाणी सात तासांत तुमच्याकडे पोचतं, म्हणजे सकाळी सहाला. मी नऊ तास पाणी अडवलं, तर ते दुपारी तीनला पोचेल. तोवर धवळी उतरलेली असेल. पण अडवलेलं पाणी इथे मागे पसरतं. त्याचा फुगवटा (धरणामागे चढत जाणारं पाणी) नेल्लीकेरीच्या भुईमुगात शिरेल. त्या लोकांना विचारल्याशिवाय मी ते करणार नाही."

"मी विचारू?" कृतिका म्हणाली. तात्यांनी तोंड उघडायच्या आतच म्हणाली.

जलाशयाकाठच्या शेतकऱ्यांत सगळ्यांत वडीलधारे होते निंगप्पा. ते शेतातूनच पडद्यावर आले, डोक्याला पंचा गुंडाळलेला. कृतिकाने त्यांना सगळं सांगितलं. दोन रेघा, पन्हळ, पाळी आणि अकराशे चाळीस गणपती. निंगप्पांनी मधे एकदाही टोकलं नाही.

"म्हणजे तुमचे गणपती वाचवायला आमच्या शेंगा बुडवायच्या, असंच की नाही?" शेवटी त्यांनी विचारलं.

कानडीत आजोबांना अज्जा म्हणतात, एवढं कृतिकाला ठाऊक होतं. "हो, अज्जा," ती म्हणाली. "असंच."

"गोड बोलून फसवलं नाहीस, बरं केलंस बघ. तुझा गणपती पाण्यात किती वेळ टिकतो?"

"पाच मिनिटं. फार तर दहा."

"माझा भुईमूग नऊ तास टिकतो की. मग यात विचारण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. मग त्यांनी बोट वर केलं. "पण नऊ म्हणजे नऊ. त्याच्यापुढे मुळं गुदमरायला लागतात. आणि पुढच्या खेपेला पाळी तुमची."

"आमची," तात्या मागून म्हणाले. "शब्द दिला."

"तात्या पाटकऱ्यांचा शब्द असला म्हणजे झालं. आमचं पूर्वीचं शेत सरहद्दीजवळ, तुमच्या पाटाच्या अगदी शेवटाला होतं हो. एकदाही आमची पाळी चुकवली नाहीत." संध्याकाळपर्यंत निंगप्पांनी काठावरच्या बाकी सहा घरांचाही होकार कळवला.

शुक्रवारी उजाडताच कृतिका मूर्तिशाळेच्या वरच्या पायरीवर येऊन बसली. खालच्या दोन पायऱ्या पाण्यात गेल्या होत्या. पाणी राखाडी होतं, या काठापासून त्या काठापर्यंत. तांबड्याचा पत्ता नव्हता. तिकडे नेल्लीकेरीच्या शेतांत ते उभं होतं, हे तिला एकसारखं आठवत होतं.

सात वाजता पाणकोंबडी म्हणाली, "घाटात रात्री पाऊस वाढला. धवळी तीनला उतरणार नाही. चारला उतरेल."

कृतिकाने लगेच हिशेब केला. आठला सुटलेलं तांबडं पाणी तीनला येणार. राखाडी चारपर्यंत असणार. मधला एक तास दोघी एकत्र. अकराशे चाळीस मूर्तींना एक तास पुष्कळ होता.

तिने फोन उचलला. तात्यांनी त्यावर हात ठेवला.

"नऊ म्हणजे नऊ ठरलंय, बाळा. त्याच्या पिकात पाणी उभं आहे. दहावा तास मागायला मला तोंड नाही."

"पण आईच्या मूर्ती?"

"ठाऊक आहे गं," तात्या म्हणाले. आई आत, त्यातल्या त्यात वाळलेल्या लहान मूर्ती एकेक करून फळीवर चढवत होती. चढवून चढवून चढवणार किती.

पडद्यावर नेल्लीकेरीच्या धरणाचे पाच दरवाजे पाच काळे चौकोन म्हणून दिसत. दरवाजा उघडला की चौकोन निळा व्हायचा. आठ वाजले. चौकोन काळेच राहिले. आठ वाजून दहा मिनिटं झाली, तरी काळेच.

"पडदा अडकलाय का गं?" कृतिकाने विचारलं.

"नाही," पाणकोंबडी म्हणाली. "दरवाजे बंद आहेत."

साडेआठ झाले. आई हात पुसत बाहेर येऊन उभी राहिली. बरोबर नऊ वाजता पाचही चौकोन एकामागून एक निळे झाले.

"आपण तर फोन केलाच नाही," कृतिका म्हणाली. "त्यांना कुणी सांगितलं?"

"आकड्यांनी," पाणकोंबडी म्हणाली. "हेच आकडे तिकडेही दिसतात."

तात्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "आकडे दिसतात, बाई," ते पाणकोंबडीला म्हणाले. "पण दरवाजे काही आकडे बंद ठेवत नाहीत. ते माणसं ठेवतात."

दुपारी चारपर्यंत राखाडी पाणी दोन पायऱ्या खाली उतरलं. मग तांबडं आलं, चढत चढत वरच्या पायरीला टेकलं, खालच्या रेघेपाशी थांबलं आणि अंधार पडायच्या आत मागे फिरलं. मूर्तिशाळेची जमीन कोरडी राहिली.

खरं काय झालं, ते हिरेमठ मॅडमनी दोन दिवसांनी सांगितलं. पावणेआठला निंगप्पांनी त्यांना फोन केला होता, गुडघाभर पाण्यात, शेतातच उभं राहून. "बाई, एक तास अजून थांबा," ते म्हणाले होते. "ती पोरगी फोन करणार नाही. तात्या तिला करू देणार नाहीत." त्या तासाने निंगप्पांच्या खालच्या दोन वाफ्यांतला भुईमूग कुजला.

ते ऐकल्यावर कृतिकाला रडूच आलं. ज्याला ती अजून भेटलीसुद्धा नव्हती, त्या माणसाने न मागता तास दिला होता. त्याचे उपकार कसे मानायचे, ते तिला कळेना. आईला मात्र कळलं. "पायरीवर बघ," ती म्हणाली.

पायरीवर दोन बोटं तांबडा गाळ बसला होता. केंपीने तो नेल्लीकेरीच्या शिवारातून आणलेला. कृतिकाने तो खरवडला, चाळला, शाडूत मिसळून मळला आणि वीतभर उंचीचा गणपती केला. त्याला रंग द्यायची गरजच नव्हती. डोळे आईने आखले. चतुर्थीच्या आधी तो नेल्लीकेरीला गेला, सोबत चिठ्ठी: "अज्जा, ही माती तुमचीच आहे."

आणि एक काम कृतिकाच्या शाळेने केलं. दोन्ही राज्यांच्या आकड्यांशेजारी आता 'पुराची पाळी' अशी नवी नोंद सुरू झाली होती. तिथे पहिली ओळ होती: नेल्लीकेरी, दहा तास. दुसऱ्या ओळीत मुलांनी लिहिलं: उमळगाव, धवळीकाठचं शाळेचं मैदान, खेळपट्टीसकट. पुढच्या पुरात धवळीचं थोडं पाणी त्या मैदानावर साठवायचं, म्हणजे केंपीला इतका वेळ थांबावं लागणार नाही. खेळपट्टीवरून सहावीच्या मुलांनी जरा कुरकुर केली, पण सह्या सगळ्यांनी केल्या.

गणपती बसल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी आठला निंगप्पांचा फोन आला. "आत्ताच केंपीत सोडला गं तुझा बाप्पा. विरघळला बघ."

कृतिकाने बोटांवर मोजलं. "सात तास. म्हणजे तीनला इथे."

"चूक," पाणकोंबडी म्हणाली. "सात तास पुरात लागतात. आता नदी संथ आहे. दहा तास लागतील."

संध्याकाळी सहाला कृतिका पायरीवर जाऊन बसली. पाणी पार खाली, शांत वाहत होतं.

"पाणकोंबडे, रंग सांग."

"किंचित तांबडा," पाणकोंबडी म्हणाली. "नेहमीइतकाच."

कृतिकाने तरी हात जोडले. मग नेल्लीकेरीला फोन लावला.

"अज्जा," ती म्हणाली, "बाप्पा पोचले."