केळुसकरांच्या फियाटचं परदेशी मीटर

“अरे, पंप जोरात दाब ना! हवा भरतोयस की फुंकर मारतोयस?” एल्टन ओरडला.

“तूच भर मग! सायकल तुझी, समुद्र तुझा आणि घाम तेवढा माझा!” बंटीने पंप त्याच्या हातात कोंबला.

मे महिन्याची सुट्टी लागली होती. एल्टन वडिलांच्या मासळीच्या टेम्पोत सायकल टाकून सकाळीच उत्तनहून भाईंदरला आला होता. बेत ठरला होता: बंटी, पंचशीला आणि तो, तिघांनी सायकलींवरून उत्तनच्या समुद्रावर जायचं. पण पंचशीलाचा पत्ता नव्हता.

“शीले! ए शीले! उतरतेस की आम्ही वर येऊ?”

खिडकीत ती आली. डोळे लाल. “मी येत नाही. तुम्ही जा.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एका दमात दोन मजले चढले!

घरात पंचशीलाचे बाबा, कोंडिराम, भिंतीला टेकून बसले होते. भर दिवसा, आणि घरी! एरवी या वेळी ते केळुसकरशेठच्या फियाटवर असायचे. केळुसकरशेठ म्हणजे ‘सागरछाया इस्टेट’वाला. मुर्धा गावाच्या वाटेवर त्याची नवी इमारत उभी राहत होती. घर घ्यायला आलेल्या लोकांना स्टेशनवरून उचलायचं, इमारत दाखवायची आणि परत सोडायचं, हे कोंडिरामांचं काम.

“काय झालं, काका?” बंटीने हळूच विचारलं.

पंचशीलाच बोलली, आणि तिचा आवाज विळ्यासारखा धारदार झाला.

“काल पाण्याचा टँकर आला होता. सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन रांगेत उभी. तिथं शेठ आला आणि बाबांच्या हातातून किल्ली काढून घेतली. म्हणाला, ‘कोंडिराम, पेट्रोल विकून खातोस माझं!’ सगळ्यांसमोर! कुणी एक शब्द बोललं नाही, बंट्या. रांग तेवढी पुढे सरकली.”

“पण पेट्रोल...”

“जास्त लागतंय, ते खरं हाय पोरा,” कोंडिराम जमिनीकडे बघत म्हणाले. “गाडी तीच, रस्ता तोच. पहिल्याइतकंच पेट्रोल भरायचो, पण किलोमीटर पार कमी पडायचे. टाकी गळते का म्हणून मी गाडीखाली झोपून झोपून पाहिलं. थेंब नाही. मग जातं कुठं? मलाच माझा संशय यायला लागला.”

स्वयंपाकघरात इंदूबाई, पंचशीलाची आई, तांदूळ निवडत होती. निवडता निवडता स्वतःशीच गुणगुणली:

“खऱ्याच्या गं वाटे, काटेकुटे फार
खोट्याच्या दाराला, झेंडूचा गं हार...”

आणि तांदळात टपकन एक थेंब पडला.

“कधीपासून असं होतंय, काका?” एल्टनने विचारलं.

“होळीपासून. शेठनी मीटर बदललं ना, त्या सुमारापासून.”

“मीटर? कुठलं मीटर?”

“गाडीचं. फियाटचं जुनं मीटर साधं होतं. शेठला गिऱ्हाइकांवर छाप पाडायची होती. त्यांनी भंगार बाजारातून कुठल्याशा परदेशी गाडीचं मीटर आणून बसवलं. तीन गोल तबकड्या, संध्याकाळी हिरवा उजेड. लई देखणं हाय.”

एल्टन ताडकन उठला. “आयला! आमच्या टेम्पोलापन असंच झालेलं! पप्पांनी दुसऱ्याच गाडीचं मीटर घातलं, आनी उत्तन ते भाईंदर एकदम जवळ आलं! आम्ही म्हटलं, रस्ता आटला की काय? मेकॅनिक हसला. म्हनाला, चाक किती फिरलं की आकडा एकानं पुढं सरकवायचा, ते पत्येक मीटरचं वेगळं असतंय. याचं मीटर त्याला चालत न्हाय!”

पंचशीला हळूहळू म्हणाली, “म्हणजे गाडी पळत होती तेवढीच... मीटर कमी मोजत होतं. पेट्रोल कुठेच गेलं नाही!”

“चला, आत्ताच शेठला सांगू!” बंटी दाराकडे धावला.

“थांब!” पंचशीलाने त्याची कॉलर धरली. “तो म्हणेल, चोराची पोरगी, बोलणारच! आधी पक्कं पकडायचं. त्या गाडीत बसून.”

“आपल्याला कोण बसवेल त्या गाडीत?”

पंचशीलाने डोळे पुसले. “घर घेणाऱ्यांना बसवतात.”

*

बंटीची सुचेताआत्या नर्स होती आणि जेसल पार्कमध्ये भाड्याच्या खोलीत राहायची. स्वतःच्या घराचा तिला ध्यास होता.

“मी नाटक करायचं? या वयात?” तिने डोळे वटारले.

“नाटक कसलं गं आत्या! तुला घर हवंय ना? मग बघायचं! आम्ही आपली भाचरं, सोबत आलेली.”

“आणि शीलाला त्याने ओळखलं तर?”

पंचशीला हसली, पण ते हसू तेरा वर्षांच्या मुलीचं नव्हतं. “आत्या, बाबांचा डबा घेऊन मी रोज त्याच्या ऑफिसात जायचे. त्याने एकदाही मान वर करून बघितलं नाही.”

आणि तसंच झालं! रविवारी स्टेशनबाहेर केळुसकरशेठने तिच्यासाठी गाडीचा दरवाजा उघडला, म्हणाला, “बसा बेबी, बसा!” आणि ओळखलं नाही.

नवा ड्रायव्हर मिळाला नव्हता, म्हणून शेठ स्वतःच गाडी चालवत होता. पुढे आत्या, मागे तिघं. मीटर खरंच देखणं होतं. काळ्या तबकड्या, पांढरे काटे, आणि खाली किलोमीटरचे आकडे. शेवटचा आकडा लाल, किलोमीटरचा दहावा भाग मोजणारा.

“बघून ठेवा हां मॅडम!” शेठने बोटातली अंगठी तबकडीवर टकटकवली. “आकडा लक्षात ठेवा. पोहोचल्यावर परत बघा. आमच्याकडे तोंडी बात नाही, मीटर बोलतं! स्टेशनपासून अडीच किलोमीटर!”

गाडी निघाली. बाजार मागे पडला, दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. मिठाच्या ढिगांवर ऊन असं चमकत होतं की डोळ्यांत पाणी यावं. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे पांढरे दगड होते. पंचशीलाने एल्टनच्या पायावर पाय दिला. पहिला दगड!

“लाल आकडा तीनवर,” एल्टन कुजबुजला.

“केळुसकरकाका, जरा हळू चालवा हो!” आत्याने दाराची कडी घट्ट धरली. झाडं भराभर मागे पळत होती.

“अहो, तीसनेच तर चाललोय! काटा बघा!”

काटा खरंच तीसवर होता, पण बाजूची स्कूटर वाऱ्यासारखी मागे पडली होती. हे मीटर वेगही कमी सांगत होतं! बाबांनी रोज या काट्यावर विश्वास ठेवून माणसं ने-आण केली, हे पंचशीलाच्या मनात आलं.

दुसरा दगड आला. लाल आकडा नऊवर.

“एका किलोमीटरला दहा घरं पुढे जायला हवा होता,” बंटी तिच्या कानात म्हणाला. “सहाच गेला!”

*

इमारतीखाली मांडव घातला होता. घर बघायला आलेली बरीच मंडळी खुर्च्यांवर बसून सरबत पीत होती. गाडी थांबताच शेठ मोठ्याने म्हणाला, “या, या! मॅडम, सांगा सगळ्यांना, मीटर किती झालं?”

“अडीच,” आत्या म्हणाली.

“ऐकलंत? स्टेशनपासून अडीच!”

पंचशीला पुढे झाली.

“शेठ, एक विचारू? हे मीटर खरं आहे ना?”

“शंभर टक्के खरं, बेबी!”

“मग तुमचे ड्रायव्हर कोंडिराम पेट्रोलचोर आहेत. कारण मीटर खरं असेल तर गाडी फार कमी पळाली आणि पेट्रोल गायब झालं. पण मीटर खोटं असेल तर कोंडिराम चोर नाहीत, आणि ही इमारत स्टेशनपासून अडीच किलोमीटरवर नाही. यातलं खरं काय ते तुम्हीच सांगा.”

सरबताचे पेले हातातच राहिले. शेठने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“तू... कोंडिरामची पोरगी?”

“खरं काय, शेठ?”

शेठने मांडवाकडे पाहिलं. गिऱ्हाइकांकडे पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही.

“मीटर खरं आहे,” तो म्हणाला. “कोंडिराम चोरच आहे.”

पंचशीलाला वाटलं, टँकरच्या रांगेतला तो शब्द आपण आत्ता दुसऱ्यांदा ऐकला. पहिल्यांदा शेठला कदाचित ठाऊक नसेल. आत्ता मात्र त्याने समजून-उमजून म्हटलं होतं!

“खोटं!” एल्टन गरजला. “दगडाला इचारा! रस्त्यावरचा दगड काय भंगारातनं आनलेला न्हाय!”

“दोन दगडांच्या मधे मीटर सहा घरंच सरकतं!” बंटीही ओरडला. “आम्ही बघितलंय! कुणीही चला आणि बघा!”

मांडवात कुजबुज उठली. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. “चला, मी बसतो गाडीत. आयुष्यभराची पुंजी घालणार आहे मी इथं. दगड तरी बघून येतो.”

“अहो, पोरांचं काय ऐकता! ऊन किती आहे!” शेठ म्हणाला.

पण लोक उठलेच. आता नाही म्हणणं म्हणजे कबूल करण्यासारखंच! शेठला चार जणांना घेऊन पुन्हा रस्त्यावर जावं लागलं. परत आल्यावर म्हातारे गृहस्थ गाडीतून उतरले आणि एवढंच म्हणाले, “सहाच.”

खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. जाता जाता प्रत्येकाने मुलांची पाठ थोपटली. “शाब्बास रे पोरांनो! बुडालो असतो आम्ही!” आत्याने तर तिघांना एकदमच कवेत घेतलं.

बाबा बुडाले होते, त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला.

“कोंडिराम, झालं गेलं विसर. मीटरचा घोटाळा होता. ही घे किल्ली. तू चांगला माणूस आहेस बाबा!”

कोंडिरामांनी किल्लीला हात लावला नाही.

“शेठ, चोर म्हणालात ते चारचौघांत. चांगला म्हणताय ते घरात येऊन. खाली टँकर आलाय, रांगेत सगळे हायत. हेच तिथं म्हणा. मग घेतो किल्ली.”

“हे जरा जास्त होतंय, कोंडिराम. लोक काय, विसरून जातात!”

“माझी पोरगी नाही विसरली.”

शेठने पुडा उचलला. जिना उतरला, रांगेच्या शेजारून मान खाली घालून गेला, आणि फियाटचं दार धाडकन लागलं.

कोंडिराम मुलांबरोबर खाली आले. तेव्हा बंटीकडे आलेली सुचेताआत्याच रांगेत उभी राहून बोलली. मीटर, दगड, मांडव, सगळं सांगितलं. क्षणात मुलांभोवती कोंडाळं जमलं! सोसायटीचे सेक्रेटरी पंढरीनाथकाका बादली खाली ठेवून पुढे आले.

“वा रे वा! आमच्या बिल्डिंगचं नाव काढलंत! पंधरा ऑगस्टला सत्कार करू तुमचा. आणि कोंडिराम, मला वाटलंच होतं हो, तुम्ही तसले नाही!”

“खरंच वाटलं होतं, काका?” पंचशीलाने विचारलं.

“म्हणजे काय! पहिल्यापासून!”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

टँकरचं पाणी कुणाच्या तरी भरलेल्या बादलीतून वाहत राहिलं. कुणी नळी बाजूला केली नाही.

“काका,” सकाळच्या टेम्पोतून आलेला एल्टन घाईघाईने कोंडिरामांना म्हणाला, “आमच्या टेम्पोला ड्रायव्हर पायजे. मासळीचा वास येतो, पन पप्पा शब्दाचे पक्के हायत.”

कोंडिरामांनी होकारार्थी मान डोलावली. मग ते लेकीजवळ आले.

“शीला, मोठ्यांना असं उलट बोलू नये,” ते म्हणाले.

पण तिच्या डोक्यावर ठेवलेला हात त्यांनी काढला नाही. रांग पुढे सरकली, तरी काढला नाही.