धडकेचा अंदाज

जी धडक अजून झालीच नाही, ती मोजायची कशी? हा प्रश्न तनुजा वळवीला पडला तेव्हा ती सातपुड्याच्या पठारावरच्या उपग्रह केंद्रात मावशीशेजारी बसून जेवत होती. मावशी म्हणजे या केंद्राची प्रमुख शास्त्रज्ञ, हेमलता वसावे. समोरच्या पडद्यावर पिवळी रेघ लुकलुकू लागली, तसा मावशीचा घास हातातच राहिला.

"संजीवन-सातच्या वाटेत काहीतरी येतंय," ती म्हणाली.

संजीवन ही उपग्रहांची माळ होती. भारत, नेपाळ, केनिया, बोलिव्हिया अशा कितीतरी देशांनी मिळून ती पृथ्वीभोवती फिरत ठेवली होती. एक उपग्रह क्षितिजाखाली गेला की पुढचा त्याची जागा घेई. जिथे रस्ताही धड पोचत नाही, तिथली आरोग्य केंद्रं या माळेमुळे मोठ्या डॉक्टरांशी जोडलेली राहत. पूर्वी तनुजाच्या गावातून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून डोंगर उतरावा लागे. आता तिची आई, गावच्या केंद्रातली सुमन सिस्टर, नाशिकच्या डॉक्टरांना तिथूनच पेशंट दाखवत असे.

"काय येतंय?"

"जुन्या रॉकेटचा तुकडा. बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी वेगात. दीडशे मीटरवरून जाईल असा अंदाज आहे."

"मग लागणार नाहीच की."

"अंदाज म्हटलं मी." मावशी उठली. तिने स्वयंपाकघरातून परात आणि भगरीचा डबा आणला. परातीत बाटलीचं एक झाकण ठेवलं. "हे झाकण म्हणजे आपला उपग्रह. तुकडा नेमका कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही. तो या दाण्यांपैकी कुठल्याही एका दाण्याच्या जागी असू शकतो." तिने हात उंच धरून झाकणाच्या जरा बाजूला मूठभर दाणे सोडले. ते परातभर पसरले. झाकणावर दोनच पडले.

"म्हणजे लागायची शक्यता अगदी थोडी," तनुजा म्हणाली.

"हो. तिलाच संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता आकड्यात सांगणं) म्हणतात. आत्ता ती आहे चाळीस हजारांत एक. दहा हजारांत एकाच्या वर गेली, तर उपग्रह बाजूला घ्यायचा, असं सगळ्या देशांनी ठरवलंय."

"आत्ताच घे ना बाजूला. कशाला थांबायचं?"

"असे इशारे सारखेच येतात. दरवेळी सरकलो तर इंधन लवकर संपेल. शिवाय सरकताना त्याच्या अँटेना मिटाव्या लागतात. तेवढा वेळ तो मुका होतो, आणि आज सरकायच्या वेळी सातपुड्यावर त्याचीच पाळी आहे."

तनुजाने ताट बाजूला सारलं. सकाळीच आई घाईने निघाली होती. गावातल्या रमिलाकाकीचं बाळ पायाळू होतं, म्हणजे पोटात त्याचे पाय खाली होते, आणि तिला कळा सुरू झाल्या होत्या. काय करायचं ते डॉक्टर पडद्यावरून आईला सांगणार होते.

तेवढ्यात केनियातल्या रडारने केलेलं नवं मोजमाप आलं. मावशीने ते वाचलं आणि परात रिकामी केली. या वेळी तिने हात खाली आणला आणि त्याच जागेवर दाणे सोडले. ते दाटीने पडले. झाकणावर पंधरा-वीस दाणे दिसत होते.

"माहिती वाढली की दाण्यांचा ढग आक्रसतो," ती म्हणाली. "झाकण ढगाबाहेर राहिलं, तर धोका जवळजवळ संपतो. आत राहिलं, तर वाढतो. आपलं आत राहिलंय. दोन हजारांत एक."

"तरी एकोणीसशे नव्याण्णव वेळा काहीच होणार नाही."

"बरोबर. पण उरलेल्या एका वेळी उपग्रहाच्या ठिकऱ्या होतील, आणि त्या ठिकऱ्या माळेतल्या बाकीच्यांवर आदळतील. मग सगळ्या देशांतली केंद्रं मुकी होतील, आणि थोड्या वेळासाठी नव्हे. थांबताही येणार नाही; आत्ता हलका धक्का दिला, तरच संध्याकाळी तुकडा येईपर्यंत तो पुरेसा दूर गेलेला असेल."

मावशीने माळेवरूनच आईला फोन लावला. "ताई, थोड्या वेळात तुमचा संपर्क तुटणार. अर्धा तास तरी. माझा नाइलाज आहे."

आईचा आवाज आला, नेहमीसारखाच. "मग आधीच सगळं विचारून घेते डॉक्टरांना. तू तुझं काम कर, हेमा."

मावशीने आज्ञा पाठवली. संजीवन-सातने अँटेना मिटल्या आणि आपल्या छोट्या इंजिनाने स्वतःला हलकासा धक्का दिला. पडद्यावरच्या नकाशातले सातपुड्यातल्या आरोग्य केंद्रांचे हिरवे ठिपके एकेक करून विझले. आईच्या केंद्राचाही विझला. तनुजा त्या जागेवरून नजर हलवत नव्हती. मावशी तिचा हात हातात धरून बसली.

ठिपके पुन्हा उजळले तेव्हा पहिला आवाज आईचा आला नाही. रडणं आलं, बारीक आणि चिडकं. मग आई म्हणाली, "मुलगी झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच सगळं केलं. रमिला बरी आहे." तिचा आवाज आत्ता कुठे थरथरला.

संध्याकाळी तो तुकडा रिकाम्या जागेतून निघून गेला.

"आपण सरकलो नसतो, तर लागला असता का?" तनुजाने विचारलं.

"ठाऊक नाही. नेमका कुठून गेला, ते कुणी पाहिलेलं नाही. जेवढं कळलं होतं, त्यावरून ठरवलं. आपल्या हातात तेवढंच असतं."

तनुजाला आठवलं, आई पाड्यापाड्यांवर फिरून प्रत्येक गरोदर बाईचा रक्तदाब तपासते. बहुतेक जणींना काहीच होत नाही. मग इतकी पायपीट कशाला, असं तिला वाटायचं.

"मावशी, आईसुद्धा हेच करते ना?" ती सावकाश म्हणाली. "कुणाला त्रास होणार ते आधी कळत नाही. म्हणून ती एकीलाही सोडत नाही."

मावशीने तिच्याकडे वळून पाहिलं. इतकी वर्षं या खोलीत बसून तिने हे असं कधी मांडलं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात नदीपलीकडचे पाडे माळेला जोडायचेत," ती म्हणाली. "तिथल्या लोकांना हे सगळं समजावून सांगावं लागेल. येशील माझ्याबरोबर?"

"परात मी धरीन," तनुजा म्हणाली.