केरूभाऊंचे सतरा मेल

शनिवारी अंबडच्या कारखान्याला सुट्टी. यंत्रं बंद, गेटवर एक वॉचमन, बाकी सगळा शुकशुकाट. सर्व्हरला हात लावायचा तर याच दिवशी, हा कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या संजनाचा आठ वर्षांचा शिरस्ता. त्या दुपारी काम तसं साधंच होतं. दोन महिन्यांपूर्वी कंपनीने इंटरनेटवाला बदलला आणि त्या नव्या माणसाने कारखान्याच्या सर्व्हरवरून थेट बाहेर जाणारे मेल अडवले. ते आता एका मोठ्या सर्व्हरच्या हवाली करायचे, पुढे तो पोचवणार, म्हणजे रिले. लिनक्सच्या मशीनवर चार ओळी लिहायच्या, पासवर्ड द्यायचा, की झालं. साहेब लोकांचा कारभार आपापल्या जीमेलवर चालायचा, त्यामुळे दोन महिने कुणाला पत्ताच नव्हता.

तिने आधी अडकलेल्या मेलची रांग उघडली. सतरा मेल. पाठवणारा एकच, केरू.

केरूभाऊ प्रेस शॉपचे, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागाचे सुपरवायझर. तीन आठवड्यांपूर्वी चार नंबरच्या प्रेसखाली गेले. आत माणूस असला की प्रेस आपोआप थांबायला हवी. ती थांबली नाही. "त्याचाच निष्काळजीपणा. कधी साधी तक्रारसुद्धा केली नाही त्याने," असं मॅनेजर शेखर साहेबांनी केरूभाऊंच्या बायकोला, चांगुणावहिनींना, दहाव्याच्या दिवशी तोंडावर सांगितलं होतं. आणि इथे सतरा तक्रारी पडून होत्या, कारखाने तपासणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या नावाने. शेवटची मृत्यूच्या आदल्या दिवशीची. 'चार नंबरचा सेन्सर बंदच आहे. इथे कोणी ऐकत नाही. माणूस जाईल.'

संजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातली अर्धी स्वतःवरचीच होती. अडकलेला मेल एरवी पाच दिवसांनी पाठवणाऱ्याकडे परत येतो, म्हणजे त्याला कळतं. पण मागच्या वर्षी शॉपमधली माणसं असे परत आलेले मेल घेऊन शेखर साहेबांच्या केबिनमध्ये जायची. "ही कटकट बंद कर," साहेब म्हणाले, आणि तिने मुकाट्याने पाचाचे शंभर दिवस करून टाकले. महिन्याभरापूर्वी टपरीवर चहा घेताना केरूभाऊंनी विचारलंही होतं, "मॅडम, माझे मेल जातात ना? उत्तर येत नाय." तिने न बघताच सांगितलं, "जातात हो. नसते गेले तर परत आले असते."

तिने मोबाईलवरून साहेबांना फोन लावला आणि सतरा मेलचं सांगितलं.

"पुसून टाक," साहेब म्हणाले. "आधी रांग रिकामी कर, मग ते काय रिले-बिले."

"साहेब, वहिनींनी कंपनीवर केस केलीय. हे एवढंच आहे त्यांच्याकडे."

"संजना, नोकरी करायचीय ना?"

फोन कट झाला. ती दात-ओठ खात स्क्रीनकडे वळली. रांगेत अठरा मेल होते.

अठराव्याचा पाठवणाराही केरू. ते खातं त्यांच्या मृत्यूनंतर तिने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. वेळ, आत्ताची. मेल आला होता प्रेस शॉपमधल्या कॉम्प्युटरवरून.

ती उठून वरच्या ऑफिसच्या काचेपाशी गेली. खाली शॉपमध्ये भर दुपारी अंधार. मेन स्विच खाली ओढलेला. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर, त्याची वायर गुंडाळून वर ठेवलेली. कुठून तरी प्रेसच्या तेलाचा उग्र वास वर येत होता... आणि तो खोलीतच जास्त होता.

तिने मेल उघडला.

'उद्या पहिल्या पाळीला चार नंबरवर सोमा आहे. सेन्सर अजून बंदच आहे.'

राग तिच्या भीतीपेक्षा मोठा होता. मेलेल्या माणसाला अजून पाळी सांभाळायला लागते, आणि जिवंत साहेब पुसून टाक म्हणतात! तिने ओळी लिहिल्या. पासवर्ड चुकला. पुन्हा दिला. सर्व्हरला त्या ओळी नव्याने वाचायला लावल्या आणि रांग सोडली. गेला. गेला. गेला. एकेक ओळ उमटत होती. अठराही गेले, आणि प्रत्येकाची प्रत तिने चांगुणावहिनींच्या पत्त्यावरही पाठवली.

लगेच मोबाईल वाजला.

"केलंस का रिकामं?"

"केलं. सगळे पाठवले!" आणि मग आठ वर्षांत पहिल्यांदा ती ओरडली. खून म्हणाली, निर्लज्ज म्हणाली, तोंडाला येईल ते म्हणाली. साहेबांनी फोन ठेवला तरी ती बोलतच होती.

भानावर आल्यावर तिने सोमाला फोन लावला. चार नंबरचा ऑपरेटर, घोटीहून जाऊन-येऊन करणारा. "सोमा, उद्या चार नंबरला उभा राहू नकोस. काही झालं तरी."



"मॅडम... ते आत्ताच सांगितलं मला. केरूभाऊंनी."

"काय बोलतोयस?"

"ऑफिसच्या फोनवरून. तुमच्या टेबलावरचा नंबर हाय ना, त्याच्यावरून." त्याचा आवाज खाली गेला. "लय हळू बोलत व्हते. मला नीट ऐकू येईना... मागं तुम्ही साहेबांवर वरडत व्हत्या ना, मॅडम."