माफीला आलेली बारा माणसं

रस्मिया पडद्याआड उभी होती, आणि बाहेरच्या बैठकीत बारा माणसं तिच्या जिवाची माफी मागत होती... तिच्याकडे नव्हे, तिच्या भावाकडे!

दुपारची नमाज आटोपून मंडळी आली होती. पुढे हाजी नुवाफ, मागे जॉर्डनमधल्या करक गावच्या साऱ्या पांढऱ्या दाढ्या. रस्मियाच्या पाठच्या भावाने, मुफ्लिहने, कॉफी दिली. हाजींनी पेला घेतला आणि रिवाजाप्रमाणे न पिताच समोर ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय तो आता उचलला जाणार नव्हता. अशी शिष्टाई खून झाला तर येते, गाडीखाली कुणी गेलं तर येते, आणि येते ती परक्या घराकडून. ही मात्र डॉक्टर अव्वादकडून आली होती, आणि डॉक्टर अव्वाद म्हणजे याच घरातलं शेंडेफळ. सख्ख्या भावाने आपल्याच उंबऱ्यावर पंच धाडावेत, याहून दुर्दैव ते कोणतं!

त्याला रस्मियाने वाढवलं होतं. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, ती एकोणिसाची, साखरपुडा झालेली. त्या अजाण लेकराला टाकून सासरी जाणं तिच्या मनाला पटेना, आणि तिने अंगठी परत पाठवली... पुढे तो डॉक्टर झाला तेव्हा गल्लीभर मिठाई वाटत तीच फिरली, आणि आपण काही गमावलंय असं त्या दिवशी तिला क्षणभरही वाटलं नाही.

तिला एक विलक्षण भय होतं. लहानपणी घशात खजुराची बी अडकली, तेव्हापासून घास गिळायचा म्हटलं की जीव कासावीस व्हायचा. रोटी भिजवायची, कुस्करायची, पाण्याच्या घोटाबरोबर उतरवायची. एका जेवणाला तास लागायचा. मुफ्लिहची बायको म्हणायची, "ताई जेवायला बसल्या, आता ईदलाच उठतील." सगळे हसायचे, तीही हसायची. मागच्या वर्षी भिजवलेली रोटीसुद्धा खरोखरच अडकू लागली, तेव्हा ती आपल्याच डॉक्टरकडे गेली. त्याने मान वर न करता सांगितलं की हे तुझं जुनंच भय आहे, सारे मनाचे खेळ. चार वेळा गेली, चारही वेळा झोपेच्या गोळ्या घेऊन परतली. अखेर अम्मानच्या एका अनोळखी डॉक्टरीणबाईंनी घशातून नळी घातली आणि अन्ननलिकेतली गाठ सापडली... आठ महिने उशिरा! परवा शस्त्रक्रिया होती, आणि ती निभावेल असं कुणीही छातीठोकपणे सांगत नव्हतं.

गाठ सापडल्यापासून अव्वाद घराकडे फिरकला नव्हता.

बाहेर हाजी अल्लाच्या मर्जीबद्दल, नशिबाबद्दल बोलत होते. मुफ्लिहने घसा खाकरला. आता तो 'कॉफी घ्या' म्हणणार आणि सगळं मिटणार, तिला न विचारता! परवा आपण मेलो तर त्या पोराच्या तोंडून एक शब्दही न ऐकता मरू, या विचारासरशी उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते तिने केलं. पडदा सारून ती पुरुषांच्या बैठकीत आली.

"मुफ्लिह, थांब. गाठ माझ्या घशात आहे."

"ताई, आत जा. लोक बसलेत."

"राहू दे तिला," हाजी म्हणाले. "बोल पोरी."

"हाजी, तुमचा मान माझ्या डोक्यावर. पण मला तपासलं होतं ते तुम्ही नाही. ज्याने तपासलं, तो कुठे आहे?"

तो गल्लीच्या तोंडाशी गाडीत बसला होता. रीतच तशी, चूक करणाऱ्याने समोर यायचं नसतं. मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं आणि शेवटी एकजण उठून त्याला घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले... ती मात्र जागची हलली नाही.

"ताई, माझ्याकडून काही उणं राहिलं असेल तर..."

"असेल तर? हे कुणी पढवलं तुला?"

त्याने मान खाली घातली. "इस्पितळाचा वकील. तो म्हणाला, काही कबूल करू नका."

"मग त्याच्याकडेच जा."

ती वळली, आणि मागून तो साऱ्या पंचांदेखत मटकन खाली बसला.

"तिसऱ्यांदा आलीस तेव्हा तुझा झगा खांद्यावरून ओघळत होता, ताई. मी पाहिलं होतं. नळी घालायला हवी होती. पण आदल्या खेपेला तुला इस्पितळाच्या बाकावर जेवताना पाहून माझ्या सोबतच्या डॉक्टरांनी विचारलं, ती रोटी कुस्करणारी बाई तुमची कोण? मी म्हणालो... शेजारीण. मला तुझी लाज वाटत होती. तुला लवकर बाहेर काढायचं होतं. दुसरी कुणी असती तर मी त्याच दिवशी तपासलं असतं. यात नशीब नाही. मी केलं हे."

शेजारीण! बत्तीस वर्षांच्या मायेला हे नाव! त्या एका शब्दाने जेवढी आग झाली तेवढी त्या गाठीनेही कधी केली नव्हती... पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच घरातलं कुणीतरी तिला खरं सांगत होतं, आणि सांगणारा तोच होता.

मग तिने डोळे पुसले.

"हाजी, कॉफी घ्या. गार झाली असेल."

हाजींनी ती गार कॉफी एका घोटात संपवली. मंडळी उठली, मुफ्लिह त्यांना पोचवायला गेला, आणि बैठकीत ती दोघंच उरली. अव्वाद सरकत तिच्याजवळ आला.

"ताई, तुला भीती वाटते का गं?"

तिचं भय कसलं आहे ते आजवर सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. विचारलं कुणीच नव्हतं.

"वाटते," ती म्हणाली. "गिळायची नाही. मरायची. पहिल्यांदाच चार माणसांसारखी भीती वाटतेय मला."

घाबरू नकोस, असं तो म्हणाला नाही.

"मलाही," तो म्हणाला.